पास झालेला टेम्पो पाळीवर चढेना

"साहेब, मले काहून धरता? धूर काय मी माह्या पोटातून काढून राहिलो?"

लाखांदूरच्या वाहन तपासणी कॅम्पमध्ये सुखदेवभाऊ तावातावाने विचारत होते. मागे त्यांचा कोरा डिझेल टेम्पो काळा धूर ओकत होता. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मोटार वाहन इन्स्पेक्टर. धूर मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. माझे डोळे आणि बायकोनं धुतलेला पांढरा रुमाल, एवढीच प्रयोगशाळा. रुमाल सायलेन्सरपाशी धरायचा. काळा झाला की गाडी नापास, आणि घरी गेल्यावर मी.

नियमाप्रमाणे शिक्षा मालकाला. मी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायचा दाखला, रोखला. ऐन धानाच्या हंगामात टेम्पो उभा राहिला. पण डिझेल पंपावरचं कंपनीचं सील शाबूत होतं. म्हणजे खोड कारखान्यातलीच. मी कंपनीचा माणूस बोलावला.

पांढऱ्या सफारी सूटमधले इंजिनिअर आले. सील तोडून त्यांनी डिझेल कमी करणारा एक स्क्रू आवळला. धूर गायब!

"घ्या, करा पास."

"थांबा जी," सुखदेवभाऊ म्हणाले. "बैल घेतानी आमी भरल्या बंडीले जुपून पाहातो. उभा बैल त साराच चांगला दिसते."

"नियमात लोड टेस्ट नाही," इंजिनिअर म्हणाले.

"मनाईही नाही," मी म्हणालो, आणि स्वतःच दचकलो.

टेम्पोत धानाचे कट्टे, म्हणजे पोती, भरले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टेम्पो अर्ध्या चढात बसला.

"आता ढकला, साहेब!" सुखदेवभाऊंनी सफारीला हाक दिली.

ढकलूनही हलेना. इंजिनिअरनी स्क्रू परत सैल केला. टेम्पो सरसर चढला, आणि मागे उभी सफारी काळी झाली.

"कंपनीला शिक्षा करायचं कलम तुमच्याकडे नाही," ते खोकत म्हणाले.

खरं होतं. पण त्यांचे नवे टेम्पो रजिस्ट्रेशनपूर्वी मीच तपासणार होतो.

"मग तेही याच पाळीवर तपासू," मी म्हटलं.

कंपनीनं सगळ्या टेम्पोंचे पंप बदलले. तोवर सुखदेवभाऊंचं धान कंपनीच्या डीलरच्या टेम्पोतून, डीलरच्याच डिझेलवर गेलं. कंपनीनं या दुरुस्तीला 'मोफत सर्व्हिस कॅम्प' म्हटलं आणि इंजिनिअरना हार घातला. मला वरून मेमो आला: सरकारी तपासणीत धान कोणत्या नियमाने भरलं, खुलासा करा.

सुखदेवभाऊंचा टेम्पो मात्र पासही झाला आणि चढलाही. तिघांपैकी एकाला न्याय मिळाला. सरकारी नोकरीत याला फर्स्ट क्लास म्हणतात.