लोण्यातला पास्ता

बायको जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जायचो. शेजारणीच्या डब्यातलं निम्मं जेवण तसंच परत जायचं. परवा लेक आली, माझं वाळलेलं तोंड पाहिलं आणि पास्त्याची पिशवी माझ्या हातात दिली.

"अण्णा, भाकऱ्या मी थापते. तोंडी लावायला हे तुम्ही करा."

मी कढईत लोणी टाकलं आणि पास्ता शेवयांसारखा खरपूस भाजायला घेतला. पोरगी हसून हसून ओट्याला टेकली. "अहो, तो आधी शिजवायचा असतो!"

"मग आधी बोलायचंस ना, शहाणे!"

तोच पास्ता पाण्यात शिजवला, निथळला, पुन्हा लोण्यात परतला. मीठ, मिरपूड घातली आणि गॅस बंद करून वर लिंबू पिळलं.

त्या वासानं तोंडाला पाणी सुटलं आणि मला लाजच वाटली. ती नाही, आणि मला कसली भूक लागते? जीभ मोठी निर्लज्ज. आंबट समोर आलं की दुःखाची परवानगी मागत नाही. पण मग वाटलं, लाजायचं कशाला? इतके दिवस जगायचं सोडलं होतं ते डोक्यानं. शरीरानं मात्र जगायचं सोडलं नव्हतं, ते नुसतं वाट बघत होतं.

"लिंबू जरा जास्त झालंय," लेक म्हणाली.

"मग खाऊ नकोस," मी म्हटलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा दुसरी भाकरी मागितली.