आधार देणारे बूट

माझे तळपाय सपाट आहेत, घोटे आत कलतात आणि वजनाविषयी न बोललेलंच बरं. म्हणून परभणीहून पळायचे बूट आणले. पायाला घट्ट आधार देणारे, वर गादीसारखे मऊ. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता पाय मुरगळायचाच न्हाई." मला तेवढंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वालूरच्या शिवारात गाडीवाटेनं ऐटीत पळत निघालो. कुणाच्या तरी उसाचं पाणी बांध फोडून वाटेवर आलं होतं. काळ्या मातीच्या चिखलात शिरायचं तर आधी पायातलं हातात घ्यायचं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. माझा जन्मही इथलाच, पण माझा भरवसा बुटांवर. पाऊल टाकावं तसा तळव्यांना चिखल चढत गेला. मी वीतभर उंच झालो आणि त्या उंचीवरून, झुलत झुलत, चिखलात बसलो.

मग मला आधार देणाऱ्या बुटांना छातीशी धरून अनवाणी घरी आलो. बायको अंगणात सडा टाकत होती. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. बुटांकडं बघून म्हणाली, "लय दमलेले दिसायलेत बिचारे."