देशाची प्रार्थना सरोजिनीबाईंकडे

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना वाटून दिलेल्या आहेत. आजाऱ्यांसाठी हरणाबाई, पावसापाण्यासाठी मी आणि देशासाठी सरोजिनीबाई. मला पाऊस का दिला ते ठाऊक नाही. माझी वीतभर शेती नाही, सगळा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. बाईंना मात्र देश दिला, कारण त्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवतात आणि रोज पेपर वाचतात.

चर्च म्हणजे धाराशिवच्या कडेला पत्र्याची एक खोली. मोजकी घरं, मोजकी माणसं. एवढ्याशा लोकांनी देशाला वळण लावायचं म्हणजे जरा जास्तच झालं, पण बाई ते काम मनापासून करायच्या. राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे, तरुणांना व्यसनातून सोडव, कचेऱ्यांमध्ये प्रामाणिकपणा येऊ दे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, 'या देशाला सन्मार्ग दाखव.' तोवर लहान पोरं भुकेनं चुळबुळ करायची. मग पहिल्या बाकावरून रणधीरचा आमेन यायचा, पत्रा हलेल असा. मी मागच्या बाकावर बसतो, तिथंही तो मला जागं करायचा.

रणधीर शाळेची गाडी चालवतो आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच आहे. त्याची मुलगी निकिता यंदा बारावीला होती. नर्स व्हायचं तिच्या मनात होतं, आणि तिच्यापेक्षा जास्त बापाच्या.

सरोजिनीबाई अलीकडे दमल्या आहेत. गुडघे दुखतात, रिटायर व्हायला थोडेच दिवस उरलेत, पण दमणूक ती नव्हे. दरवर्षी त्यांना बारावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून तेरच्या पुढच्या एका गावी पाठवतात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक म्हणतील, शेजारच्या गावात काय चालतं ते आधी बघा, आणि त्यांचं म्हणणं खोटं ठरणार नाही. पेपर सुरू झाला की पोरांचे भाऊ, मामा, काका चिठ्ठ्या द्यायला भिंतीवर चढतात. केंद्रावरचं कुणीतरी चहा आणून देतं आणि बाईंना जरा व्हरांड्यात हवेशीर उभं राहायला सांगतं. बाई चहा घेत नाहीत. त्या बाकांखालच्या चिठ्ठ्या गोळा करून टोपलीत टाकतात, आणि पाठ फिरली की नव्या येतात. एकदा मला म्हणाल्या, रविवारी मी ज्या देशासाठी मागते, तो सोमवारी खिडकीला लोंबकळत असतो. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

निकिताचं नाव रणधीरनं त्याच गावच्या कॉलेजात घातलं होतं, घराजवळचं सोडून. का, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरीही परीक्षेच्या आधीच्या रविवारी आम्ही डोळे मिटून तिच्या यशासाठी प्रार्थना केली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

शनिवारी रसायनशास्त्राचा पेपर होता आणि निकिताच्या वर्गावर नेमक्या सरोजिनीबाई आल्या. ऊन चढलं होतं, पंखा नुसताच घरघरत होता. खिडकीच्या गजांतून एक हात आत आला आणि चिठ्ठी निकिताच्या पायाशी पडली. हात बाईंनी ओळखला. दर रविवारी दानाची थैली त्याच हातात असते.

निकिता खाली बघेना, वर बघेना. बाई वाकल्या, चिठ्ठी उचलली, खिडकीशी गेल्या आणि ती त्याच हातात परत ठेवली.

"रणधीर, हे तुमचं पडलं," त्या म्हणाल्या.

सगळा वर्ग हसला. बाईंनी खिडकी लावून घेतली आणि वर्गातल्या एकूण एक चिठ्ठ्या काढून घेतल्या. उरलेला पेपर त्या उकाड्यात झाला.

सुटल्यावर रणधीर फाटकाशी उभा होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं बाई मला नंतर म्हणाल्या.

"समद्यांची लेकरं अशीच पास व्हत्यात, बाई," तो म्हणाला. "आपल्या मंडळीची हायेत किती? त्यातलं एक वर चढत व्हतं, ते तुमीच खाली वढलं."

 बाईंकडून हे ऐकल्यापासून मी त्यावर उत्तर शोधतोय. सरळ चालणारा मागं राहतो हे मी आयुष्यभर बघितलंय, आणि त्याचा मला संताप येतो. पण रणधीर बरोबर होता असं म्हणायलाही माझी जीभ वळत नाही.

रविवारी मला वाटलं होतं, रणधीरकडचं कुणी येणार नाही. पण ते आले. बाहेर नळावर मी पाय धूत होतो, सरोजिनीबाई माझ्या मागं उभ्या होत्या. निकिता त्यांच्याजवळ आली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते.

"मावशी, ती चिठ्ठी म्या घरी बघितली, त्यातलं मला येत व्हतं," ती म्हणाली. "म्या लिहायला घेतलंच व्हतं. मग समदे हसले, आन् माझा हातच चालंना."

बाईंनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. जीवशास्त्राचा पेपर कधी आहे, एवढंच त्यांनी विचारलं. उद्याच होता. नर्सिंगसाठी सगळी भिस्त त्या पेपरवर होती. मी नळ बंद करायचा विसरलो.

आत पहिला बाक रिकामा राहिला. रणधीर येऊन माझ्या शेजारी बसला, माझ्याकडे न बघता. गाणी झाली, हरणाबाईंचे आजारी झाले, माझा पाऊस झाला. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी देशासाठी प्रार्थना करायला सांगितलं.

सरोजिनीबाई बाकाला धरून उठल्या. आम्ही डोळे मिटले. राज्यकर्ते काही येईनात.  मी डोळे उघडले, तर बाईंचे डोळे उघडेच होते आणि त्या निकिताकडे बघत होत्या.

"देशाचं नंतर बघ, प्रभू," त्या म्हणाल्या. "आधी या लेकराचा हात चालू दे."

आणि त्या खाली बसल्या. आमेन म्हणायला आम्हाला उशीर झाला, कारण आम्ही सगळे उरलेल्या प्रार्थनेची वाट बघत होतो. शेवटी तो आला माझ्या शेजारून, रणधीरचा, जेमतेम मला ऐकू येईल असा.