आंदणात गेलेला प्रोटोटाइप

"…आन् नवरीचे मावसभाऊ, पुण्याचे इंजिनेर प्रशांतभाऊ यायच्याकडून, गेम खेळाचं आन् पिक्चर पाहाचं मशीन!"

लाउडस्पीकरवर हे ऐकलं तेव्हा मी पंगतीत वांग्याची भाजी वाढत होतो. हात तिथेच थांबला. समोरचे पाहुणे म्हणाले, "वाढा ना जी, काय झालं?" काय झालं ते त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मांडवात टाळ्या वाजत होत्या.

ते मशीन माझं नव्हतं. कंपनीचं होतं. शिवाय ते प्रोटोटाइप होतं. प्रोटोटाइप म्हणजे कारखान्यात माल तयार व्हायच्या आधी हातानं जुळवलेला नमुना. असे तीनच नग होते. एक परदेशी गेलेला, एक आमच्या लॅबमध्ये उघडून पडलेला आणि उरलेला, युनिट टू, वर्ध्याकडच्या तळेगावच्या मांडवात, स्टीलच्या डब्यांच्या आणि मिक्सरच्या मधोमध.

तेव्हा मोबाइल बोलण्यापुरते होते. खिशात मावेल, गेम खेळता येतील, गाणी आणि सिनेमेही दिसतील, असं एक स्वस्त देशी यंत्र बनवायचं आमच्या कंपनीनं ठरवलं होतं. मी टेस्टिंगमध्ये, नुकताच लागलेला, प्रोबेशनवर. यंत्रात एक बिघाड होता. मधूनच ते आपोआप बंद पडायचं. कधी दिवसभर छान चालायचं, कधी मॅनेजरसमोरच मान टाकायचं. आमच्या भाषेत याला इंटरमिटंट फॉल्ट म्हणतात. साध्या भाषेत, पाहुणा घरात नसताना शहाण्यासारखं वागणारं पोर. असा बिघाड दुरुस्त करायला अवघड नसतो, पण आधी तो सापडावा लागतो.

मावसबहिणीच्या, शीतलच्या लग्नासाठी मी रजा मागितली, तेव्हा आमच्या बापट मॅडम म्हणाल्या, "वर्ध्याकडे जातोयस ना? मग युनिट टू घेऊन जा. उन्हात, धुळीत, एसटीत वापर. फॉल्ट पकड. सोमवारी फॅक्टरीची माणसं सँपल न्यायला येतायत. त्याआधी ते माझ्या टेबलावर हवं."

"आणि फॉल्ट नाही सापडला तर?"

"तर निदान युनिट तरी हवं."

तर, लग्नाच्या दिवशी बॅटरी उतरली. वीज गेलेली. जनरेटरवरचा एकच बोर्ड माइकच्या टेबलापाशी होता, म्हणून मी यंत्र तिथे चार्जिंगला लावून वाढायला गेलो. शेजारी त्याचा खोकाही ठेवला. तो खोका चंदेरी, चकचकीत. दुकानात बघताक्षणी भेट द्यावीशी वाटावी, असा मुद्दाम बनवून घेतलेला. माइक मावशीच्या शेजारच्या धनराजभाऊंकडे होता. लग्न लागलं, बुद्धवंदना झाली, की आंदणाची आणि आहेराची प्रत्येक वस्तू देणाऱ्याच्या नावासकट पुकारायची, हे त्यांचं काम. मला ते ठेवताना त्यांनी पाहिलं होतं; त्यांनी यंत्र खोक्यात घातलं आणि माझ्या नावानं पुकारलं. खोक्यानं आपलं काम चोख केलं होतं.

मी मावशीला मांडवाच्या मागे गाठलं.

"मावशी, ते आहेर नाई. कंपनीचं हाय."

"आता काऊन सांगतं बापा? माइकवर बोलणं झालं. व्याह्यायनं ऐकलं. आता मागून घेतलं त पोरीले जन्मभर टोमणे खा लागन."

"माही नोकरी जाईन."

"दुसरी भेटन. सासर दुसरं नाई भेटत." मग तिला आठवलं. "आन् तुहा खरा आहेर कोठी हाय मंग?"

मी खिशातलं पाकीट काढून दाखवलं. तिनं तेही घेतलं.

संध्याकाळी शीतल हिंगणघाटला गेली. तिच्या मागे आंदणाचा टेम्पो गेला. टेम्पोत युनिट टू गेलं.

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मॅडमचा फोन आला. "फॉल्ट मिळाला?"

"अजून नाही मॅडम."

"युनिट ठीक आहे ना?"

"चांगल्या घरी आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

शनिवारी शीतलला पहिल्यांदा माहेरी आणायचं होतं. तिला आणायला मुराळी म्हणून कोण जाणार, असा विषय निघताच मी हात वर केला. मावशी गहिवरली. पोट्ट्याचा बहिणीवर किती जीव हाय, असं सगळ्यांना सांगत सुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आर्वी, वर्धा, हिंगणघाट. सगळ्या एसटीभर मी थापा रचत होतो. वॉरंटी कार्डावर शिक्का राहिलाय, ही एक. पण मग कार्ड द्या, मशीन कशाला, असं कोणीही म्हणेल. बॅटरी फुटू शकते, ही दुसरी. ती मी लगेच सोडून दिली. नव्या सुनेच्या माहेरानं आंदणात बॉम्ब दिला, अशी ख्याती व्हायला हिंगणघाटात एक दुपार पुरली असती.

दारातून आत गेलो तर शीतलचे सासरे कूलरसमोर खाटेवर बसलेले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अंगात बनियन, हातात युनिट टू. गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालू होता. यंत्र त्यांनी स्टिअरिंगसारखं गच्च धरलं होतं आणि वळण आलं की अख्खे खांद्यातून वळत होते. शीतल मागे उभी राहून पडद्यात बघत होती.

"मामाजी, ब्रेक मारा, ब्रेक!"

"घाटात ब्रेक नसते मारत बेटा. गिअर टाकतात."

"त्याले गिअर नाई."

"मंग हे काय कामाची गाडी?"

दोघंही हसले. तेवढ्यात पडदा काळा झाला. सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "या इंजिनेर साहेब, बरे आले. पाहा बरं हे. उजवं वळण घेतलं का बंद पडते. डाव्या वळणाले काईच होत नाई."

मी मुराळी आहे हे विसरलो. पाणीसुद्धा घेतलं नाही. यंत्र हातात घेतलं, चालू केलं आणि कपडा पिळावा तसं उजवीकडे पिळलं. बंद. पुन्हा चालू केलं, पिळलं. बंद. डावीकडे पिळलं. चालू. पुण्यात आम्ही सगळे ते शिस्तीत धरून खेळायचो. महागाचा नमुना, त्याला पिळायची कोणाची हिंमत झाली नव्हती. आत बॅटरीची वीज पोचवणारी एक छोटी स्प्रिंग उजव्या कोपऱ्यात होती. यंत्राचं अंग तिकडे वळलं की ती केसभर उचलली जात असणार. गेले कित्येक दिवस छळणारा बिघाड हातात आला होता. मी आनंदानं ओरडणार होतो, पण ते यंत्र आता यांच्या घरचं आहे हे आठवलं.

शीतल पाणी घेऊन आली. सासरे चष्मा पुसायला आत गेले होते. ती हळूच म्हणाली, "दादा, तू मशीन न्याले आला ना?"

"तुले कसं समजलं?"

"माइकवर नाव पुकारलं तवा स्टेजवरून तुह्यं तोंड पाह्यलं मी. ने तू. पन मामाजीले तूच सांग. पह्यल्या दिवशी या घरात कोणी बोलून नाई राह्यलं माह्याशी. सारे लाजत होते. यायनं खोका काढला आन् म्हणाले, बेटा, हे कसं चालते शिकव मले. तवापासून घर वाटून राह्यलं."

मला स्वतःचाच राग आला. नोकरीच्या काळजीनं माझी झोप उडाली होती आणि हिचं काय जाणार आहे, याचा मी विचारच केला नव्हता. क्षणभर वाटलं, राहू द्यावं इथेच. जाऊ दे प्रोबेशन. पण मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

सासरे बाहेर आले. मी सगळं सांगून टाकलं. जनरेटर, बोर्ड, खोका, धनराजभाऊ, सोमवार. मधेमधे माफीही मागत होतो. त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिलं. शीतल दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"म्हणजे हे कंपनीचं हाय."

"हो जी."

"मंग इतका काऊन भेऊन राह्यला?" ते म्हणाले. "एसटी काय माह्या बापाची होती? जिंदगीभर चालवली. ड्यूटी झाली का डेपोत जमा कराच लागे. ने. फक्त तुह्या साहेबाले सांगजो, उजव्या वळणावर भरवसा नाई म्हणा."

"आणि शेजारीपाजारी?"

"कोणी पुसलं त सर्व्हिसिंगले गेलं म्हणीन. नवी गाडी बी जाते."

त्यांनी यंत्र स्वतःच्या हातानं खोक्यात ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. शीतलची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मशीन आलं नाई आलं, चालते. पोरीले जास्त दिवस ठेवू नोका तिकडे. घरात करमत नाई मंग."

बसस्टँडवर शीतल रडली, आणि रडता रडता हसली.

सोमवारी मी मॅडमच्या टेबलावर यंत्र ठेवलं आणि पिळून दाखवलं. त्यांनी स्वतः चार वेळा पिळलं. "हे तुला सुचलं कसं?"

"फील्ड टेस्टिंग, मॅडम."

सँपल त्या दिवशी गेलं नाही. आत एक पट्टी आणि एक स्क्रू वाढला, मग गेलं. मी नोकरीत कायम झालो. यंत्र बाजारात आलं, बरं चाललं, आणि मोबाइलमध्येच गेम आणि सिनेमे आल्यावर मुकाट्यानं बंद झालं. पहिल्या मालातला एक नग मी हिंगणघाटला नेऊन दिला. सासऱ्यांनी तो सगळ्या उजव्या वळणांवरून चालवला आणि म्हणाले, "आता मजा नाई येत. बंदच पडत नाई."

टेस्टिंगमध्ये आलेल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, की वस्तू ज्याच्या हातात जायची आहे त्याच्याच हातात देऊन बघा. मात्र परत न्यायची आहे हे देतानाच सांगा. नंतर सांगूनही निभावतं, पण त्यासाठी समोर तसा माणूस असावा लागतो, आणि तो असेलच याची गॅरंटी आमच्या खात्यात कोणी देत नाही.