मामांनी परत केलेलं पाणी

"कुठलं पाणी हाय?" शंकरमामांनी अंथरुणावरूनच विचारलं. बाटली त्यांच्या बहिणीनं, गयाबाईंनी, माझ्याबरोबर पाठवली होती. गावच्या विहिरीचं, मी म्हणालो. त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं… आठवडाभरात ते गेले. महिना उलटला, तरी मन खातं. नळाचं म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? खरेपणा मला नको तिथं सुचला.

मामा नात्यातले नव्हेत, सगळे कामगारच त्यांना मामा म्हणायचे. सहकारी साखर कारखान्यात ते यार्डाचे सुपरवायझर, मी त्यांच्या हाताखाली. कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढा, ओढ्याकाठी माझं गाव आणि गयाबाई तिथंच दिलेल्या. ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळात गाव ओढ्याच्या वाळूत झरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायचं. गुरांपुरतं तरी द्या, म्हणत लोक मामांकडं आले. मामा मायाळू. त्यांनी यार्डाचा मातीचा बांध फोडून यंत्रं गार करून उरलेलं पाणी ओढ्याला सोडलं. मृगाआधी बांधाची ती फट बुजवायची होती. पण आभाळाकडं बघून माना दुखलेल्या; पाऊस येतोय कुठं, असं मामाच काय, आम्ही सगळेच म्हणत होतो. आणि एका दुपारी वळीव कोसळला. यार्डात सांडलेली मळी, तेल, सगळं धुऊन त्या फटीतून ओढ्यात गेलं. झरे काळे पडले. गयाबाई रिकामी घागर घेऊन गेटवर आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, पाऊस आला अन् आमचं पाणी गेलं बघ."

तेव्हापासून मामांनी आमच्या गावचं पाणी तोंडाला लावलं नाही. भाऊबीजेला जायचे, ओवाळून घ्यायचे, पोटभर जेवायचे. पाणी मात्र घरून नेलेलं. गयाबाई दर वर्षी तांब्या पुढं करायच्या आणि दर वर्षी रुसायच्या. गाव केव्हाच विसरलं होतं, मामा विसरू देत नव्हते.

दर साली मृगाआधी ते कामगारांना यार्डात शिकवायला घ्यायचे. मळीच्या हौदापाशी घागरभर पाणी ओतायचं आणि त्याच्यामागं चालायचं. पाणी सांडलेल्या तेलाला शिवलं, की थांबून भुसा टाकून तेल उचलायचं. बांधाला फट दिसली, की फावडं घ्यायचं. शेवटी बांधावर उभं करून विचारायचे, "म्होरं कोण पितंय?" नुसतं गावाचं नाव चालायचं नाही, माणसाचं घ्यावं लागायचं. आम्ही पाठीमागं हसायचो. माझी पाळी आली तेव्हा "माझी आई" म्हणालो, आणि हसू पळालं. मामा स्वतः मात्र कधी नाव घ्यायचे नाहीत.

तेराव्याला गयाबाईंनी मला बाजूला घेतलं. "दादा पाणी पिला का रं?"

"घोटभर पिले," मी म्हणालो. या वेळी खोटं जमलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि मला तिथं उभं राहवेना.

बाटली अजून फडताळात आहे. परवा रिकामी करावी म्हणून अंगणात नेली, बूच काढलं… ओतलं, की मागं चालावं लागणार, आणि शेवटी नाव घ्यावं लागणार. बूच लावलं आणि होती तिथं ठेवून दिली.