फळीची उंची

नुकत्याच कापलेल्या आंब्याच्या फळीला एक आंबटसर, दमट वास असतो. एखाद्या वखारीवरून जाताना तो अजूनही नाकाशी येतो आणि आमचं महाडचं भाड्याचं घर आठवतं. त्या घरातली दाराजवळची भिंत आठवते. भिंतीवर एक फळी, फळीखाली खुंट्यांची रांग आणि प्रत्येक खुंटी कुणाच्या ना कुणाच्या मालकीची. वैभव म्हणावं असं त्या भिंतीवर काहीही नव्हतं. तरी एका पावसाळ्यात आमच्या सगळ्या घराचं भवितव्य त्या फळीवर टेकलं होतं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आम्ही मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. ऐंशीच्या आसपास बाबांना महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात नोकरी लागली. आधी ते एस.टी.नं जाऊन-येऊन करत. मग आईनं मनावर घेतलं. वाडीतली शाळा सातवीला संपे. ताई सातवी पास झाली होती आणि तिच्यामागे मी होतेच. महाडला बिऱ्हाड करायचं आणि मुलींना हायस्कुलात घालायचं, असा आईचा हट्ट होता. पण घरात शब्द चाले तो आबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. आबा वाईट मनाचे मुळीच नव्हते. मात्र डोंगर सोडून खाली गेलेला माणूस बुडतोच, असं त्यांचं ठाम मत होतं. ते म्हणाले, "एक पावसाळा काढून बघा. निभावला तर ऱ्हावा. नाय निभावला, तर पोरींना घेऊन सरळ वर या." बाबांनी मान डोलावली. ताईची आठवी अशी एका पावसाळ्याच्या हवाली झाली.

दोन खोल्यांचं ते घर आईनं मोठ्या हौसेनं लावलं. हौसेपेक्षा गरज मोठी होती, हेही खरं. बाबांची पाळी दर आठवड्याला बदले, त्यामुळे घरात कुणीतरी सदैव झोपलेलं असे. "माझा डबा कुठाय, माझी छत्री कुठाय" असं ओरडून विचारायची सोय नव्हती. म्हणून आईनं दाराजवळचा कोपरा निवडला आणि सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वस्तू तिथं मांडल्या. बाबांचे कारखान्याचे कपडे, आमची दप्तरं, ताईचा शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड ठेवलेली पत्र्याची पेटी. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाती यावी, अशी ती व्यवस्था होती. फक्त ती सगळी जमिनीवर होती. काही खाटेखाली, काही पाटावर, वरून गोणपाट.

घरमालकीण माई शेजारच्या माडीवर राहत; आमच्या खोल्या तिला लागूनच, नुसत्या कौलांखाली होत्या. त्या एकदा डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्याच. "अगो बाय, सगळा संसार जमिनीवर मांडलास? हितं पाणी खालून येतं."

आईला ते खरंच वाटेना. पाणी खालून कसं येईल? डोंगरात पाणी येतं ते कौलांतून, आणि जमिनीवर पडलं की उताराला लागून निघून जातं. म्हणून तर आमच्याकडे चांगली वस्तू खाली, आडोशाला ठेवायची. माईंनी मग चुना खरवडून भिंतीवरची जुनी रेघ दाखवली. नदी कधीतरी घरात येऊन बसली होती, तिची मातकट खूण. आई बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मला वाटतं, माणसं घर लावतात ते सोयीनं नव्हे, भयाच्या दिशेनं लावतात. ज्याला चोराची धास्ती, त्याच्या सगळ्या वस्तू आतल्या खोलीत. ज्याला उंदरांची, त्याच्या शिंक्यावर. आईचं भय आयुष्यभर वरून येत आलं होतं. ते एका दुपारी उलटं कसं करायचं?

तिनं निम्मंच उलटं केलं. वखारीतून आंब्याची फळी आणवली, तिच्याच खालच्या अंगाला खुंट्या ठोकून घेतल्या आणि चौघांना एकेक वाटून दिली. पत्र्याची पेटी वर फळीवर गेली. बाबा म्हणाले, "घर हाय का दुकान?" पण आपला डबा मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून आपल्याच खुंटीला अडकवला. माई सांगत होत्या, फळी चांगली वर घे. आईचा जीव तिकडे कौलांत. वर घेतली तर गळतीखाली येईल, म्हणून तिनं ती माईंच्या रेघेच्या जेमतेम वर बसवली. पाण्याला जणू रेघेची मर्यादा घालून दिली होती!

आणि मग ती सकाळ आली. बाबा पाळीवर होते, तिकडेच अडकले. आधी मोरीतून पाणी उलटं वर आलं, अगदी सावकाश, पाहुण्यानं उंबऱ्यावर घुटमळावं तसं. मग ते दारातूनच आलं. आई फक्त एवढंच म्हणाली, "ज्यानं त्यानं आपली खुंटी रिकामी करा." शोधाशोध नाही, रडारड नाही. ताईनं पेटी घेतली, मी दोन्ही दप्तरं घेतली, आईनं बाबांचे कपडे आणि पिठाचा डबा घेतला आणि आम्ही माईंच्या माडीवर गेलो. भीती मला तिथं पोचल्यावर वाटली. जिन्यावरून खाली बघितलं तेव्हा उघड्या दारातून आमची फळी दिसत होती. थोड्या वेळानं ती दिसेनाशी झाली.

पाणी उतरलं, चिखल राहिला. खाट गेली, स्टोव्ह गेला, तांदूळ गेला. बाबा परतले आणि दारातच उभे राहिले. रस्ता सुरू झाल्या झाल्या आबा आले, आमचं सामान भरायला रिकामी पोती घेऊन. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "निभावला नाय रे पावसाळा. चला." बाबांनी मान खाली घातली. ताई माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की तो दुखायला लागला.

आई चिखल खरवडत होती. थोरल्या दिरासमोर ती कधी दाराआडून बाहेर येत नसे. बोलायची ती भिंतीला उद्देशून. त्या दिवशी ती पदर खोचलेलीच समोर आली. "दादा, निभावला. पोरींची दप्तरं कोरडी हायेत. दाखला कोरडा हाय. फळी खाली बसवली, तेवढी माझी चूक." आणि पाण्यानं निखळलेली, तिनं धुऊन ठेवलेली फळी उचलून तिनं त्यांच्या पुढ्यात धरली. "तुमचा हात पोचतो. जरा वर धरा."

आबांनी बाबांकडे बघितलं. बाबा खिळे शोधायला वळले होते. मग आबांनी पोती खाली ठेवली आणि फळी घेतली. भिंतीवर आता नवी रेघ होती, तिच्यावर त्यांनी ती टेकवली. आई म्हणाली, "अजून वर." त्यांनी हात उंचावले. "अजून." चवड्यांवर उभे राहून आबांनी फळी कौलांखाली नेली, आणि बाबांनी खिळे ठोकेपर्यंत ते तसेच उभे होते.

त्यानंतर माझी खुंटी माझ्या हाताला लागेना. रोज सकाळी शाळेला निघताना ताई मला कमरेला धरून उचली, तेव्हा कुठे दप्तर निघे. पुढं माझा हात आपसूक तिथं पोचायला लागला, इतकी वर्षं आम्ही त्या घरात राहिलो.