डाव्या वळणावरचा खट्ट

डोळखांब मागे टाकलं आणि पहिल्याच डाव्या वळणावर स्टिअरिंगखाली खट्ट वाजलं. मागच्या सीटवर बायकोला कळा सुरू होत्या आणि आई तिचा हात धरून बसली होती. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच.

जुन्या गाडीचे आवाज ओळखायची मला सवय आहे. ब्रेक दाबून पाहिला, फरक पडला नाही; म्हणजे ब्रेक नव्हे. सरळ रस्त्यावर वेग वाढवला तर खट्ट थांबलं, पण स्टिअरिंग तळव्यात थरथरायला लागलं. चाकात हवा कमी असती तर गाडी एका बाजूला ओढली असती. ती ओढत नव्हती. मग लक्षात आलं, स्टिअरिंग बोटभर फिरलं तरी चाक वळत नाही. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली. चाक वळवणारा दांडा उतारावर निसटला, तर आम्ही सगळे खाली ओढ्यात.

मी गाडी कडेला घेतली.

"अहो, थांबू नका ना," बायको म्हणाली.

शेजारी बसलेल्या बाबांना मी खाली उतरवलं. चाकामागच्या आडव्या दांड्याच्या टोकाला हात लावून ठेवायला सांगितलं आणि स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवलं.

"हितंच हाय रे. हाताला ठोके लागतात."

त्यांनी काढलेला हात काळाकुट्ट होता. मी वाकून पाहिलं. सांध्यावरचं रबर फुगून फाटलं होतं आणि आत खरखरीत चिखल झाला होता. वास ओळखीचा होता. जळकं ऑइल आणि पेंढ्याची राख, म्हणजे बैलगाडीच्या आसाचं वंगण.

"बाबा, हे तुमी लावलं?"

"दर अमावास्येला लावतो. तुझ्या जल्माच्या टायमाला बैलांचा गाडा वाटभर कुरकुरत व्हता. तुझी आई लय घाबरलेली. सूनबाईला तसं नको म्हटलं."

"त्या राखेनं सांधा खाल्ला बाबा. हा काय गाडा हाय?"

मी आणखीही बोललो असतो, पण मागून बायको कण्हली.

तिथं रेंज येत-जात होती, म्हणून चढावर पळून मी जीपसाठी आणि मेकॅनिकसाठी फोन लावले. गावातला जीपवाला भाडं घेऊन मागूनच येत होता. त्याच्या गाडीतल्या बायकांनी न सांगता जागा केली. आई आणि बायको त्या जीपनं दवाखान्यात गेल्या. बाबा काही बसले नाहीत. "तू एकटा नको हितं," म्हणाले.

शहापूरहून मेकॅनिक सामान घेऊन येईपर्यंत आम्ही दगडावर बसून होतो. माझा राग उतरत नव्हता. त्याहून मोठी भीती होती, तिचं काय झालं असेल याची. बाबा मातीनं हात घासत होते, काळं निघत नव्हतं.

मेकॅनिक गाडीखाली असतानाच फोन वाजला. आई "पोरगी झाली" म्हणायच्या आत मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. बाबांनी हात पुढे केला, बोटं बघून मागे घेतला. मी फोन त्यांच्या कानाला लावला. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"ह्यो आवाज बरोबर हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरीला आणायला मला घेशील ना गाडीत?"

"घेईन," मी म्हणालो. "वंगण घरी ठेवायचं."